मोड म्हणजे मोड

मी एक जुना धामणीच्या लाकडाचा दांडा आहे. खरं म्हणजे एक नव्हे, आता माझे दोन तुकडे आहेत. पण बोलायला एक तोंड पुरतं. मधले काही महिने मी धनुष्य होतो. मित्रांनो, धनुष्य म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे राजे, स्वयंवरं आणि सोन्याची नक्षी उभी राहत असेल. ते विसरा. मी काशीत, बालाजी घाटामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, गॅसच्या सिलिंडरशेजारी तयार झालो. आणि मला घडवणाऱ्या दोघांपैकी एकालाही धनुष्य कसं करतात ते धड येत नव्हतं.

माझा जन्म सोनभद्राकडच्या जंगलातला. धामणीचं लाकूड वाकतं, पण लगेच तुटत नाही. म्हणून कावडीला ते चांगलं. मला तासून, मधे जाड आणि टोकांना निमुळतं करून, दत्तात्रेयभटांनी खांद्यावर घेतलं. हे काशीतल्या जुन्या मराठी घरांतले एक भटजी. रोज पहाटे पंचगंगा घाटावरून अभिषेकाचं पाणी देवळात न्यायचं हे त्यांचं आणि माझं काम. त्या घाटाच्या पायऱ्या अशा उभ्या आहेत, की रिकाम्या हाताने वर आलेला माणूससुद्धा भिंतीला टेकतो. मी मात्र दोन्हीकडच्या कळशा घेऊन लवत लवत वर यायचो आणि पाणी सांडू द्यायचो नाही. लोक म्हणायचे, भटजींचा दांडा मोठा गुणाचा. मला ते ऐकून फार बरं वाटायचं. कुणाला वाटत नाही?

मग पाण्याची मोटार आली, पाइप आला. दत्तात्रेयभटही गेले. मी कोपऱ्यात उभा राहिलो. मच्छरदाणीला टेकू द्यायचा, गाद्या झोडपायच्या आणि गच्चीवरची माकडं हाकलायची, एवढंच काम उरलं. देवाचं पाणी वाहिलेला मी, आणि आता माकडांच्या मागे. काशीची माकडं कुणाला भीक घालत नाहीत, मला तर नाहीच नाही. एकाने मला चावूनही पाहिलं होतं.

दत्तात्रेयभटांचे चिरंजीव ढुंढिराज. त्यांनी भिक्षुकी केली नाही, ते इंटर कॉलेजात गणित शिकवायचे. घराबाहेर हा माणूस पक्का बनारसी. तोंडात पान आणि चौकात उभं राहून ‘का गुरू’ म्हणत तासन्‌तास गप्पा. पण उंबरा ओलांडून आत आलं की मराठी म्हणजे मराठीच. त्यांची मुलगी देवश्री, एका शाळेत खेळ शिकवते. ती सकाळी घाईत म्हणायची, “बाबा, मी निकलते.” हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, “निघते.” ती पायात बूट घालत पुन्हा म्हणायची, “निघते हो, निघते.” मग हे म्हणायचे, “आता निघ.” तिला उशीर होवो नाहीतर बस चुको, यांना त्याचं काही नाही.

हा सगळा हट्ट शरदिनीसाठी होता, असं माझं मत आहे. शरदिनी म्हणजे ढुंढिराजांची बायको, वाईची. लग्न होऊन काशीला आली तेव्हा तिला हिंदीचं एक अक्षर येत नव्हतं. आता बोलता येतं. पण अजून भाजीवाल्याशी बोलायच्या आधी ती मनात वाक्य जुळवते. मी कोपऱ्यात उभा राहून ते पुटपुटणं ऐकलं आहे. तिचं खरं बोलणं दिवसभरात एकाच माणसाशी. आमटीत गूळ किती, खिडकी उघडी का टाकली, वाईच्या भाच्याच्या मुंजीला आहेर काय द्यायचा. भांडायची तीसुद्धा पोटभर. हे वैतागले की ती पदर खोचून आणखी भांडायची.

मग एका थंडीच्या सकाळी शर्टाची बटणं लावता लावता ढुंढिराज खाली बसले. त्यांना उठता येईना. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. पुढचं हॉस्पिटलमधलं सगळं मी ऐकीव सांगतो. शरदिनीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती व्हरांड्यात बसून राहायची आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक नर्सच्या तोंडाकडे बघायची. शेवटी एका दुपारी ते बोलले. “पानी,” म्हणाले. शरदिनीने अख्ख्या व्हरांड्याला सांगितलं, हे बोलले म्हणून.

पण ते ‘पाणी’ नव्हतं हो, ‘पानी’ होतं. हळूहळू चाय आली, दर्द आलं, बत्ती बुझाओ आलं. मराठी काही येईना. तुम्ही मराठीत काहीही विचारा, त्यांना सगळं कळायचं, अगदी आमटीतल्या गुळापर्यंत. उत्तर मात्र हिंदीतच बाहेर पडायचं. घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी ते शरदिनीला म्हणाले, “बहनजी, पानी.” म्हणाले आणि आपण काय म्हणालो ते त्यांनाच ऐकू आलं. डाव्या हाताने त्यांनी स्वतःच्या तोंडावर चापट मारली. शरदिनीने त्यांचा हात धरला, पाणी पाजलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. नळाखाली भांडं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, की एका कपाटाचं दार उघडलं आहे आणि दुसऱ्याचं अडकलं आहे. पहिल्या काही महिन्यांत उघडलं तर उघडलं. तेव्हापासून शरदिनीचा जीव टांगणीला लागला. संकठादेवीला नवस बोलली. वाईच्या भावाला फोन लावून त्याचा आवाज यांच्या कानाशी धरायची. एकदा तिला वाटलं, गणिताचा माणूस आहे, पाढे विसरायचा नाही. समोर बसून ती म्हणायला लागली, “बे एके बे, बे दुणे चार.” ढुंढिराजांचा चेहरा उजळला. तेही सुरात म्हणू लागले, “दो एकम दो, दो दूनी चार.” ती तिनाच्या पाढ्यापर्यंत गेली, ते तीनच्या पहाड्यापर्यंत. मग ती थांबली. ते दहापर्यंत म्हणत राहिले, कारण मधे थांबणं त्यांना जमत नव्हतं.

माझी पाळी आली ती या दिवसांत. हातांचे व्यायाम घेणारी बाई म्हणाली, यांना दोन्ही हातांनी करायचं काही जड काम द्या, रबरी चेंडू दाबून हे कंटाळलेत. देवश्री कॉलेजात तिरंदाजी करायची आणि नुकतीच लाकडी धनुष्य करायचं शिबिर करून आली होती. आली होती म्हणजे शिकून आली होती असं समजू नका. तिच्या खाटेखाली मोडक्या धनुष्यांचा ढीग होता. तिने मला कोपऱ्यातून उचललं, नखाने खरवडलं, खिडकीशी नेऊन माझे रेषे पाहिले आणि म्हणाली, “आई, हे एकदम सुकलेलं लाकूड आहे गं. आणि आपण याने माकडं मारतोय.” इतक्या वर्षांत माझी कुणीतरी विचारपूस केली.

धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. बाण ज्या बाजूला जातो तिकडे पाठ, ओढणाऱ्याकडे पोट. पाठीचे रेषे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहायला हवेत. तिला एक ओरखडा गेला की तिथूनच धनुष्य तुटतं. म्हणून जे काय तासायचं ते पोटाकडून. देवश्रीने वडिलांना पहिला धडा हाच दिला, “बाबा, पाठीला हात लावायचा नाही.” ढुंढिराजांनी मान डोलावली. मग रंधा दोन्ही हातांत धरायचा. डावा हात ओढायचा आणि उजवा नुसता बरोबर यायचा. घाम फुटायचा त्यांना. मी पोटाला खरवडला जात होतो. पण तक्रार करायची सोय नव्हती. त्यांच्याकडे पाहून करवतही नव्हती.

दोघंही नवशिके, त्यामुळे चुका पोत्याने. एकदा उजवा हात घसरला आणि माझ्या वरच्या हाताच्या पोटात खड्डा पडला. हात म्हणजे धनुष्याची वरची आणि खालची बाजू. तिथे मी इतका पातळ झालो की आता सगळं वाकणं त्याच जागी होणार. मग त्याच्याशी जुळवायला खालचा हात पातळ करा, मग वरचा पुन्हा. देवश्री कपाळाला हात लावून बसायची आणि पुन्हा उठायची.

सगळ्यात नाजूक काम शेवटचं. मला भिंतीतल्या खुंटीवर आडवं अडकवायचं, दोरी खाली ओढायची आणि लांब उभं राहून बघायचं, दोन्ही हात सारखे वाकतात का. जो अडून बसेल त्याला थोडं खरवडायचं. यात मात्र ढुंढिराज तरबेज निघाले. नजर गणिताचीच होती. देवश्री दोरी ओढायची आणि हे खुर्चीवरून बोट दाखवायचे, “यहाँ.” आणि मग, “मोड़.” म्हणजे आणखी वाकव. हिंदीत मोड़ना म्हणजे वाकवणं. देवश्री थोडं आणखी ओढायची. “मोड़.” आणखी थोडं. खोलीभर ‘मोड़, मोड़’ चालायचं. आजारपणानंतर इतक्या उत्साहाने उच्चारलेला त्यांचा हा एकच शब्द.

स्वयंपाकघरात शरदिनी मात्र दर वेळी हातातलं लाटणं खाली ठेवायची. तिच्या कानाला मोड म्हणजे मोडच, तुकडे करणं. तिला कळत नव्हतं असं नाही. पण कानांना कोण समजावणार? एकदा ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “देवश्री, त्यांना दुसरा शब्द शिकव बाई. घरात सारखं मोड, मोड. बरं नाही वाटत.” देवश्री हसली, “अगं आई, ते हिंदीत म्हणतायत.” शरदिनी म्हणाली, “तेच तर सांगतेय मी.” आणि आत गेली.

महिने सरत गेले. घाटावर पाणी चढलं, उतरलं. मी बऱ्यापैकी गोल वाकायला लागलो होतो. कपाट तसंच बंद होतं. मग तपासणीचा दिवस आला. ई-रिक्षा मैदागिनपर्यंतच, पुढे गल्लीगल्लीतून ढुंढिराजांना धरून आणायचं, गाई चुकवत, मोटारसायकली चुकवत. तिघं घरी आली तेव्हा तिघांचे चेहरे पडलेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता फार आशा धरू नका. आणि वर अगदी मायेने म्हणाल्या होत्या, “हिंदी तो बहुत अच्छी बोल रहे हैं, फिर दिक्कत क्या है?” शरदिनी मनात वाक्य जुळवत होती, तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

तिने चहा टाकला. ढुंढिराज बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर खुर्चीवर बसले होते. दोन खोल्यांचं घर, काय लपतं? आतून शरदिनीचा आवाज येत होता, “देवश्री, मी वाईला जाऊन येते थोडे दिवस. तू रजा काढ. मला यांचं सगळं करायचंय गं, शेवटपर्यंत करीन. पण हे माझ्याशी बोलतात ना, तेव्हा मला कुणाच्या तरी घरी कामाला राहिल्यासारखं वाटतं. माझं माणूस समोर आहे आणि मला बोलायला कुणी नाही. मी आतून संपले आहे.” चहा उतू गेल्याचा वास आला.

ढुंढिराज उठले. भिंतीला धरत माझ्यापर्यंत आले, मला खुंटीवरून काढलं, परत खुर्चीत बसून मांडीवर आडवं घेतलं आणि कानस उचलली. डाव्या हातात नाही, उजव्या. त्यांना काय दाखवायचं होतं कोण जाणे. कदाचित एवढंच, की काहीतरी परत येतंय. एकदा घासलं, दोनदा घासलं, आणि तो हात जो सुटला तो कानशीची धार माझ्या पाठीत घेऊन गेला. आडवी, खोल. पाठीचे रेषे तुटल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला.

ते बराच वेळ त्या जागेवर अंगठा फिरवत राहिले. इतक्या महिन्यांचं काम होतं ते. मी तुम्हाला खरं सांगतो, मला माझं दुःख त्या घडीला वाटलं नाही. असा रिकामा झालेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

देवश्री बाहेर आली. तिने पाठ पाहिली आणि ती समजायचं ते समजली. “असू दे बाबा. फेविकॉल भरू, वरून दोरा गुंडाळू,” ती म्हणाली आणि मला परत खुंटीवर अडकवलं.

“मोड,” ढुंढिराज म्हणाले.

“आज नको. पाठीला कट गेलाय ना.”

“मोड.”

त्यांच्या समाधानासाठी तिने दोरी अगदी जराशी ओढली. मी लवलो. ढुंढिराजांनी जोरात मान हलवली, नाही म्हणून. डाव्या मुठीने मांडी बडवली. “मोड. मोड.” तिला वाटलं, त्यांना आणखी हवंय. तिने आणखी ओढलं. माझ्या पाठीतली चीर तोंड उघडायला लागली. ढुंढिराजांचा चेहरा लाल झाला होता. जबडा हलत होता, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. खूप खोलवरचं काहीतरी ते ओढून काढत होते आणि ते येत नव्हतं.

“मोडून,” ते म्हणाले. “मोडून टाक.”

देवश्रीचा हात दोरीवर तसाच राहिला. हिंदीत कुणी ‘मोडून टाक’ म्हणत नाही.

शरदिनी दारात उभी होती, हातात त्यांचा चहा. तिने कप खाली जमिनीवर ठेवला. मग अगदी हळू विचारलं, “काय म्हणालात?”

“मोडून टाक.” आता स्पष्ट.

“कशाला?”

याला फार वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग आपल्या उजव्या हाताकडे, मग छातीकडे. “नको,” ते म्हणाले. “हे... नको.”

मित्रांनो, तिचं त्या वेळी काय झालं असेल याचा विचार करा. तिने देवापुढे ज्याच्यासाठी पदर पसरला होता ते आलं होतं. आलं ते असं. नवऱ्याचा पहिला मराठी शब्द, आणि तो मोडण्याचा. आणि त्यांना नुसतं मलाच मोडायचं होतं असं नाही, हे तिला दिसत होतं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, असं वेडंवाकडं बोलू नका. शरदिनी पुढे झाली आणि तिने देवश्रीच्या हातातून दोरी घेतली.

“आई, काय करतेस? तुटेल ते.”

“त्यांनी सांगितलंय.”

“ते रागात आहेत, आई. उद्या त्यांनाच वाईट वाटेल.”

“वाटू दे,” शरदिनी म्हणाली. “किती महिन्यांनी त्यांनी मला काही सांगितलंय. मराठीत सांगितलंय. मी ऐकणार.”

तिने दोरी दोन्ही हातांना गुंडाळली आणि सगळं अंग खाली झोकून दिलं. आधी मी वाकलो, इतका सुरेख वाकलो की तसा आधी कधीच वाकलो नव्हतो. दोन्ही हात सारखे, खड्ड्याची जागासुद्धा कळत नव्हती. मग पाठीतल्या चिरेपाशी मोडलो. दोन्ही भाषांतलं काम झालं. एक तुकडा खुंटीवरून उडून सिलिंडरवर आपटला, दुसरा दोरीसकट तिच्या अंगावर आला. ती धाडकन खाली बसली.

देवश्री रडायला लागली होती. शरदिनी जमिनीवर बसून धापा टाकत होती. “झालं?” तिने नवऱ्याला विचारलं. “मोडलं.”

ढुंढिराज त्या तुकड्यांकडे बघत होते. “मोडलं,” ते म्हणाले. मग त्यांची नजर तिच्या मनगटावर गेली. माझ्या एका कुसळाने तिथे ओरबाडलं होतं आणि रक्ताचा थेंब बांगडीवर उतरला होता. ते खुर्चीतून पुढे वाकले. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.

“लागलं?”

“नाही हो,” शरदिनी म्हणाली. लागलं होतं. तिने तोंड पदरात लपवलं आणि ती अशी रडली, की खालच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून जिन्यात आले.

पुढचं मी फुगवून सांगणार नाही. कपाट सताड उघडलं असं काही झालं नाही. त्यानंतर काही दिवस एकही शब्द आला नाही, आणि त्या दिवसांत शरदिनीची जी अवस्था झाली ती मला सांगवत नाही. आता शब्द येतात ते बहुतेक रागाचे आणि दुखल्याखुपल्याचे. “नको.” “गार आहे.” “सोड.” गोड बोलणं अजून हिंदीतच. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंच राहीलही. शरदिनीने वाईचं तिकीट काढलं नाही. हे वस्सकन अंगावर येतात आणि ती पदर खोचून उभी राहते.

मी दोन तुकडे होऊन देवश्रीच्या खाटेखालच्या ढिगात पडलो आहे. तुम्ही धनुष्य केलंत तर त्याच्या पाठीला जपा. काम झालं की दोरी उतरवून ठेवा, रात्रभर ताणलेलं ठेवू नका. लाकडालाही शीण होतो. पण खरी विनंती वेगळीच आहे. घरात कुणी थकलेलं, चिडलेलं माणूस तुमच्यावर आपल्या बोलीत ओरडत असेल ना, तर लगेच कानावर हात ठेवू नका. जरा ऐका. त्या एका शब्दासाठी शरदिनीने मला मोडलं. तिच्या जागी मी असतो तर मीही मोडलं असतं.